पॉलिमरच्या साखळ्या जपा
जमिनीखालच्या तेलसाठ्यात तेल पुढे ढकलण्यासाठी सोडायच्या पॉलिअॅक्रिलामाइडच्या (पाण्यात विरघळणाऱ्या एका पॉलिमरच्या) द्रावणाची चिकटाई त्याच्या लांबलचक साखळ्यांवर अवलंबून असते, आणि अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हमधून द्रावण एकदम वेगाने ओढले गेले की त्या ताणल्या जाऊन बहुधा मध्याजवळ तुटतात. गेलेली चिकटाई परत येत नाही. रेणुभार 2 कोटींच्या घरात असेल तर धोका मोठा, आणि खारे पाणी तो आणखी वाढवते. द्रावण बनवताना पावडर ढवळत्या पाण्यातल्या भोवऱ्याच्या कडेवर चिमटीचिमटीने सोडा, मग वेग उतरवून रात्रभर सावकाश ढवळू द्या. मुंबईच्या पावसाळी हवेत पावडरीच्या बरणीचे झाकण उघडे राहिले तर गुठळ्या होतात. नमुना घेताना मात्र फार जपा: नळ किंचित उघडून दाबाखालचे द्रावण बाटलीत घेतले, तर नमुना नळातच खराब होतो आणि दोष विनाकारण पंपाला लागतो.