फिरंग असली तरी ती नागपूरचीच

प्रिय सई,

तू विचारलंस, "नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या तलवारीचं पातं युरोपातलं, मग ती मराठी कशी? आणि आपलीच होती तर विकत का घ्यावी लागली?"

पहिल्याचं उत्तर तलवारीवरच कोरलेलं आहे. पात्याच्या पाठीवर मुठीजवळ सोन्याची देवनागरी अक्षरं आहेत: 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'. सेनासाहेबसुभा हा शाहू छत्रपतींनी दिलेला किताब. आणि फिरंग म्हणजे फिरंग्यांच्या पात्याची तलवार. परकेपण लपवलं नाही, उलट मालकाच्या नावाशेजारी लिहिलं. त्या काळी युरोपची सरळ, लवचिक पाती बंदरांत उतरत आणि इथले कारागीर त्यांना आपल्या घाटाची मूठ चढवत. ही मूठ मुल्हेरी, म्हणजे मुल्हेरच्या घाटाची, आणि तिला हिरवं लोकरी कापड गुंडाळलेलं आहे. ते कापडसुद्धा पुरावाच आहे. मळकं दिसलं म्हणून कुणी बदललं, तर हाताच्या पकडीची एक खूण कायमची गेली. मानववंशशास्त्रात वस्तू अशीच वाचतात: कुठे घडली यापेक्षा कुणी वापरली, कशी बदलली, कशासाठी जपली.

पोलादावर सोनं बसवायची आपल्याकडची जुनी रीत म्हणजे कोफ्तगिरी. छिन्नीनं दोन-तीन दिशांनी केसाएवढ्या रेघा मारून पोलाद खरखरीत करायचं, त्यावर सोन्याची बारीक तार ठोकायची, तापवायचं आणि अकीक दगडानं घोटायचं. सोनं फक्त त्या रेघांना धरून असतं. खाली गंज धरला की तो फुगतो आणि सोनं पापुद्र्यासारखं सुटतं. म्हणून जुन्या हत्याराला चिंच, लिंबू किंवा बाजारातलं पॉलिश लावायचं नाही. खंडेनवमीला शस्त्रपूजा झाली की ओलं कुंकू आणि फुलांचं पाणी तसंच राहतं, तिथेच गंज सुरू होतो. त्याच दिवशी कोरड्या मऊ कापडानं पुसावं. नुसतं पातं असेल तर मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. मुठीच्या कापडाला तेल लागू देऊ नये. उघड्या बोटांनी पातं धरू नये, घामातलं मीठ बोटांचे ठसे गंजानं उमटवतं.

आता दुसरा प्रश्न. 1817 मध्ये इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांचा खजिना ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. तलवारही तेव्हाच गेली असावी असा अंदाज आहे, पण अमक्यानं अमक्या दिवशी नेली असा कागद नाही. कागदाशिवाय मागणी कायद्यापुढे लंगडी पडते. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा 1970 चा करार मागच्या काळाला लागू होत नाही. त्यामुळे 29 एप्रिल 2025 ला लंडनमध्ये ती लिलावात आली तेव्हा महाराष्ट्र शासनानं मध्यस्थामार्फत बोली लावली, सुमारे 47 लाख 15 हजार रुपये मोजले, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. आपलीच वस्तू पैसे देऊन घ्यावी लागली याचा मला राग येतो, पण ती पुन्हा कुणाच्या खासगी कपाटात जाण्यापेक्षा हे बरं झालं.

'परत आली' हा शब्द मात्र जपून वापर. ही तलवार विकत आली, आता मालकी आपली. वाघनखं 2024 मध्ये साताऱ्यात आली ती लंडनच्या संग्रहालयाकडून तीन वर्षांच्या उसनवारीवर. तिथल्या कायद्यानं विश्वस्तांना संग्रहातली वस्तू सहजासहजी देऊन टाकता येत नाही. बातमी वाचलीस की आधी हेच बघायचं: मालकी कुणाची, मुदत किती.

नागपूरला गेलीस की अजब बंगल्यात जा. 1863 पासूनचं संग्रहालय आहे ते. प्रत्येक पाटीवर 'कुठे सापडली' आणि 'कुणी दिली' हे आहे का ते बघ. ज्या वस्तूच्या पाटीवर ते नाही, तिची अर्धी गोष्ट हरवलेली आहे.

आणि आजीचा जुना अडकित्ता इकडे परदेशात आणायचा हट्ट धरलास ना, त्याआधी एक काम. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरू शकते, आणि ती देशाबाहेर नेता येत नाही; हस्तलिखिताला ही मर्यादा 75 वर्षांची आहे. शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. तेव्हा अडकित्त्याशेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढ, आणि आजीला विचारून चिठ्ठीवर लिही: कुणी घेतला, कुठल्या बाजारातून, कुणाच्या लग्नात. चिठ्ठी दोऱ्यानं बांध, चिकटवू नकोस. डिंकाचे डाग धातूवरून सहज निघत नाहीत.

तुझी,
आई