देवाचा प्रश्न अन् पहिली नाइट ड्यूटी

बाबू, परवा मेडिकलच्या डिसेक्शन हॉलमधून, प्रेत चिरून शिकतात तिथून, आलास अन् म्हणालास, "दादा, माझा देवावरचा विश्वास उडाला." उडाला तर उडाला, राहिला तर राहिला, ठरवायची घाई करू नको. माझा दुसऱ्या वर्षी उडाला. तरी घरी गेलो की आईच्या महालक्ष्म्यांच्या आरतीला मी उभा राहतो, अन् त्यात मला खोटेपणा वाटत नाही.

खरी कसोटी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात लागते. पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर झोपलेला माणूस आणतात. पोट दुखतंय, पापण्या मिटत चालल्यात. मण्यार साप चावलेला असतो, खूण दिसतही नाही. मांत्रिकाकडे दोन तास आधीच गेलेले. तेव्हा नातेवाइकांना झापू नको. मी एकदा झापलं, ते पेशंट उचलून घेऊन गेले. अजून सलतं ते. आता मी म्हणतो, "अंगारा लावा, पण सलाईनचा हात हलवू नका," अन् अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध सुरू करतो. लेकराला डोस मोठ्या माणसाइतकाच, हे विसरू नको.

मेळघाटात पोटावर डंबा, म्हणजे तापलेल्या लोखंडाचा चटका, दिलेलं बाळ आलं तर मात्र गप्प बसायचं नाही. भूमकाला, म्हणजे तिथल्या मांत्रिक-वैदूला, स्वतः जाऊन भेट, आधी तुझ्याकडे पाठवायला सांग.

गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, जन्म १८७६ चा. नवसाच्या बकऱ्यांवर कीर्तनात तुटून पडायचे, तेही "गोपाला गोपाला" म्हणत.

होस्टेलच्या गणपतीला वर्गणी द्यायची की नाही, तुझं तू ठरव. न देणाऱ्याला मात्र एकटं पाडू नको.