नाल्याच्या पाण्यात नॅनो झिंक टाकू नका

प्रश्न : बेळगावचं सांडपाणी वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्याचं पाणी मोटरीनं खड्ड्यात ओढून मेथी, कोथिंबीर, पालकाला देतो. दुकानदार म्हणतो, नॅनो झिंक ऑक्साईडची पावडर १० हजार लिटरला एक किलो टाका, सगळे जंतू मरतील. टाकावी का? (येळ्ळूर, वडगाव शिवारातील शेतकरी)

उत्तर : टाकू नका. आणली असेल तर पुडी न फोडता परत करा.

ही पावडर जंतू मारते, यात खोटं नाही. १०० नॅनोमीटरहून बारीक कण जंतूला चिकटतात, त्यातून जस्त (झिंक) सुटतं, वर उन्हातला अतिनील प्रकाश पडला की हायड्रोजन पेरॉक्साईडसारखी द्रव्यं तयार होऊन जंतूचं कवच फाटतं. पण हे नितळ पाण्यात. नाल्याच्या काळ्या पाण्यात ऊन चार बोटंही उतरत नाही. साबण, मैला, क्षार लागले की कणांच्या गुठळ्या होतात आणि त्या तळाला बसतात. कुजक्या गाळात जस्ताचं झिंक सल्फाईड होतं. म्हणजे औषधाचा जोर गेला, जस्त मात्र तिथंच.

आता दुकानदाराच्या मात्रेचा हिशेब करा. लिटरला १०० मिलीग्रॅम पावडर, म्हणजे ८० मिलीग्रॅम जस्त. शेतीच्या पाण्यासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेची मर्यादा आहे लिटरला २ मिलीग्रॅम. एकराला दोन इंची पाळी दिली की दोन लाख लिटर पाणी आणि १६ किलो जस्त! भाताला आपण एकरी १० किलो झिंक सल्फेट सांगतो, त्यात जस्त जेमतेम दोन किलो. एका पाळीत आठपट. खाली बसलेलं वाया गेलं असं समजू नका, तोच गाळ पुढं खत म्हणून वाफ्यात जातो.

जस्त जास्त झालं की कोवळी पानं पिवळी पडतात. मेथी उपटून बघा, मुळावरच्या गाठी कमी दिसतील, कारण कामाचे जिवाणूही मरतात. मग तोच दुकानदार पिवळेपणावर लोहाची बाटली देतो. खानापूरकडच्या तांबड्या, आम्ल जमिनीत त्रास लवकर होतो. ‘फरक पडत नसेल तर दुप्पट टाका’ हे तर मुळीच ऐकू नका. फवारणीचं नॅनो झिंक हे पानांचं खत आहे, तेही पाण्यात ओतायचं नाही.

माझं सांगणं एकच : दोन खड्डे करा. पहिल्यात पाणी हलवू न देता बसू द्या, जंतांची अंडी गाळाबरोबर खाली जातात. वरचं पाणी दुसऱ्यात घ्या, मोटरीच्या पाइपाचा फुटबॉल (पाणी ओढणाऱ्या टोकाची झडप) तळापासून हातभर वर बांधा. पाणी सरीतूनच द्या, पानांवर तुषार नको. काढणीआधी आठ-दहा दिवस नाल्याचं पाणी पूर्ण बंद, लागलं तर बोअरचं द्या. उन्हानं आणि वाळण्यानं पानांवरचे जंतू झपाट्यानं मरतात. इथंच सगळे चुकतात : बाजाराच्या आदल्या संध्याकाळी जुडी ताजी दिसावी म्हणून नाल्याचं पाणी मारतात आणि जुडी त्याच पाण्यात बुचकळतात. हे बंद करा. कच्ची खायची कोथिंबीर या पाण्यावर घेऊच नका, तिथं भात किंवा चारा घ्या.

गाळ उपसताना हातमोजे, गमबूट घाला.

पावसाच्या पाण्याच्या शेततळ्याला कर्नाटक सरकारची कृषी भाग्य योजना आहे, उतारा, आधार, फ्रूट्स आयडी (शेतकरी नोंदणी क्रमांक) घेऊन कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात या. येताना पावडरीची पुडी आणि दुकानाचं बिलही आणा.