छपरावर पाच किलोवॅट, डोक्यावर दहा लाखांचा विमा

प्रश्न: साताऱ्यात स्वतःचं घर, वय ४१, खासगी नोकरी, हातात ६२,००० रुपये. पत्नी गृहिणी, मुली १३ आणि ९ वर्षांच्या. गृहकर्ज २४ लाख बाकी, व्याज साडेआठ टक्के, हप्ता २३,०००. विजेचा वापर महिन्याला सरासरी ३३० युनिट, बिल ४,३०० च्या घरात. एका विक्रेत्याने ५ किलोवॅटचा सोलर ३,२०,००० ला सांगितलाय. फायनान्स कंपनीचं १३ टक्क्यांचं पाच वर्षांचं कर्जही तोच करून देतो. म्हणतो, बिलाच्या पैशातच हप्ता निघेल आणि जास्तीची वीज महावितरणला विकून दरमहा कमाई होईल. कर्ज घेऊ की २,५०,००० ची एफडी मोडू? मीटर अजून वडिलांच्या नावावर आहे. विम्याची चिंता नाही, वर्षाला १,००,००० हप्त्याची पॉलिसी आहे, १० लाखांचं कव्हर. दहापैकी तीन हप्ते भरलेत. विसाव्या वर्षी २४ लाख मिळतील, ते मुलींच्या शिक्षणाला.

उत्तर: दोन्ही नको. सोलर मात्र जरूर बसवा, ३ किलोवॅटचा. सोलरचं लवकर उरकतो, कारण तुमची खरी अडचण पत्राच्या शेवटच्या चार ओळींत आहे.

महावितरणचा घरगुती दर टप्प्याने चढतो. पहिली १०० युनिटं सहा रुपयांच्या आसपास, १०१ ते ३०० साडेबारा, त्यावर सतराच्या जवळ. शिवाय १६ टक्के वीज शुल्क. नेट मीटरवर, म्हणजे घेतलेल्या विजेतून तुम्ही दिलेली वीज वजा करणाऱ्या मीटरवर, छपरावरची वीज आधी वरचा, महाग टप्पा कापते. १ किलोवॅटला महिन्याला साधारण १२० युनिटं धरा. म्हणजे पहिले दोन किलोवॅट तुमचे महिन्याला साडेतीन हजार वाचवतात. तिसरा जेमतेम सहाशे ते आठशे, कारण तोवर स्वस्त टप्पा आलेला असतो. चौथ्या-पाचव्याला कापायला काही उरतच नाही. ती वीज वर्षभर खात्यावर साठते आणि ३१ मार्चला शिल्लक राहिलेल्या युनिटांचे तीनेक रुपयांच्या दराने पैसे मिळतात. वर्षाला २,८०० युनिटं म्हणजे आठ-साडेआठ हजार, आणि त्यासाठी एक लाख तीस-चाळीस हजार जास्त मोजायचे. वसुलीला सोळाएक वर्षं. दरमहा कमाईची गोष्ट इथे संपली.

पीएम सूर्यघर योजनेचं अनुदानही ३ किलोवॅटलाच थांबतं: पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, एकूण ७८,०००. पाच बसवले तरी तेवढंच. ३ किलोवॅटला बाजारात १,८०,००० ते १,९०,००० पडतात. अनुदान वजा जाता सव्वा लाखाच्या आत. वर्षाला ४८-५० हजार वाचतात, म्हणजे अडीच वर्षांत वसूल. यापेक्षा चांगला परतावा मी तुम्हाला दुसरीकडे दाखवू शकत नाही.

विक्रेत्याचं गणित तपासा. ३,२०,००० वर १३ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता ७,३०० येतो. तुमचं बिल ४,३००. दर महिन्याला खिशातून तीन हजार जास्त जाणार, आणि याला तो बचत म्हणतो. सरकारी बँका याच योजनेत ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांचं विनातारण कर्ज सहा-सात टक्क्यांच्या आसपास देतात. ते घ्या. अनुदान सोलर सुरू झाल्यावर थेट तुमच्या खात्यात येतं. आलं की ते कर्जातच भरा.

आधी मीटर स्वतःच्या नावावर करून घ्या. अर्ज, बिल आणि बँक खातं यांवरची नावं जुळली नाहीत की अनुदान अडकतं. पॅनल भारतीय सेलचे, म्हणजे डीसीआर, असल्याचं कोटेशनवर लिहून घ्या. बाहेरचे पॅनल थोडे स्वस्त पडतात, पण अनुदान जातं. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी नऊ ते चार कुठे सरकते ते स्वतः गच्चीवर उभं राहून बघा, एका पॅनलवर पडलेली सावली पूर्ण ओळ मंद करू शकते. अर्थिंग तीन वेगळी हवीत: डीसी, एसी आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचं. शेवटचे १०-१५ टक्के पैसे नेट मीटर बसेपर्यंत हातात ठेवा. पॅनलची हमी २५ वर्षांची असली तरी इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो, त्याचे ३०,००० बाजूला धरा. आणि लाइट गेली की हा सोलरही बंद पडतो, हे घरात आधीच सांगून ठेवा.

आता विमा. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर १० लाख येतील. ते सगळे बँकेला दिले तरी कर्ज १४ लाख उरतं आणि घरात रुपया येत नाही. हप्ते वगळता तुमचा घरखर्च महिन्याला ३०,००० च्या आसपास दिसतो. धाकटी कमावती होईपर्यंत पंधरा वर्षं धरली तर ५५ लाख, कर्ज २४ लाख, दोघींचं शिक्षण २० लाख. हा आकडा एक कोटीच्या घरात जातो, आणि पत्नीचा पुढचा सांभाळ यात धरलेलाच नाही. तुम्ही वर्षाला एक लाख भरता आणि गरजेच्या दहा टक्केच कव्हर आहे. ज्याने हे तुम्हाला विमा म्हणून विकलं, त्याने तुमच्या कर्जाचा आकडा तरी विचारला होता का?

शिक्षणाचंही बघा. २४ लाख अजून सतरा वर्षांनी येणार. तेव्हा थोरली ३० ची असेल, धाकटी २६ ची. थोरलीची कॉलेजची फी पाच वर्षांवर आलीय. परतावा काढला तर तो पावणेसहा टक्के भरतो. तेच पैसे गृहकर्जात भरले तर साडेआठ टक्के वाचतात.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी एक कोटीची साधी टर्म पॉलिसी, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारी, साठीपर्यंतची. तब्येत ठीक असेल तर वर्षाला १८ ते २२ हजार. तंबाखू, साखर, बीपी, जे असेल ते फॉर्ममध्ये लिहा, लपवाल तर दाव्याच्या वेळी घरचे अडकतील. पॉलिसी घेतानाच ती विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, १८७४ खाली पत्नी आणि मुलींच्या नावे करा. मग त्या रकमेला तुमच्याकडून पैसे येणं असलेल्यांना हात लावता येत नाही. हे नंतर जोडता येत नाही.

टर्म पॉलिसी हातात पडली की जुनीचा चौथा हप्ता भरू नका. पण रागाने सरेंडरही करू नका, म्हणजे मोडून पैसे घेऊ नका. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केल्यास किती आणि पेडअप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवल्यास, मुदतीअखेर किती. समजा आज १,०५,००० मिळतायत आणि पेडअपचे ५ लाख, तर थांबल्यास साडेनऊ टक्के पडतात, पेडअपच ठेवा. पेडअप ४ लाखांच्या खाली निघालं तर सरेंडर करून पैसे गृहकर्जात टाका. एजंट तोंडी आकडे सांगेल, तेही वाढीव बोनस धरून. शाखेत अर्ज द्या, पोच घ्या.

हप्ता थांबला की टर्मचे पैसे भरूनही वर्षाला ८०,००० मोकळे होतात. पहिल्या वर्षी ते सोलरच्या कर्जात घाला. अनुदान धरून ते दीड वर्षाच्या आत फिटेल. एफडी तशीच राहू द्या. चार-पाच महिन्यांच्या खर्चाची तेवढीच गंगाजळी तुमच्याकडे आहे. आणि विक्रेत्याला बयाणा दिला असेल तर ५ चं कोटेशन ३ वर आणायला आजच लेखी कळवा.