बुडावर कांगशीचा शिक्का असलेली निळी-पांढरी चिनी बरणी खरंच तीनशे वर्षं जुनी असेल का?

तुम्ही लिहिलंय की आजेसासूबाईंच्या बरणीवर निळ्या जमिनीत पांढरी फुलं आहेत, आणि बुडाला दुहेरी वर्तुळात चार चिनी अक्षरं. अक्षरांचा अर्थ ‘कांगशीच्या काळात बनवलेली’ असाच आहे. कांगशी बादशहाचा काळ 1662 ते 1722. पण खरं सांगू का, त्या चार अक्षरांमुळेच मला बरणी तेवढी जुनी वाटत नाही.

हा माल चीनमधल्या चिंगदेचेन या शहरातल्या भट्ट्यांमधला. तिथल्या अधिकाऱ्यानं 1677 मध्ये भांड्यांवर बादशहाचं नाव घालायला मनाई केली. भांडं फुटून उकिरड्यावर गेलं तर नावाची विटंबना, म्हणून. त्यामुळे त्या काळातल्या कितीतरी अस्सल बरण्यांच्या बुडाला नुसती दोन निळी वर्तुळं असतात, आत काहीच नाही. चार अक्षरं बहुतेक वेळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मालावर सापडतात. तेव्हा लंडनमध्ये या बरण्यांचं वेड होतं, व्हिसलर आणि रोझेटी हे चित्रकारही त्या जमवत. मागणी आली तशी चिंगदेचेनमध्ये जुनी नक्षी पुन्हा निघाली, शिक्क्यासकट. याला सरसकट फसवणूक मात्र म्हणू नका. आधीच्या राजवटीचं नाव मानानं लिहायची तिथे रीतच होती.

आता शिक्का बाजूला ठेवा. गादीवर बरणी पालथी घाला आणि बुडाची झिलई नसलेली कडा उजेडात बघा. कांगशी काळातली माती दाट, पांढरी, बोटाला ओल्या साबणासारखी गुळगुळीत लागते, आणि झिलई संपते तिथे बारीक तांबूस रेघ असते. कडा खरखरीत असेल, किंवा सगळीकडे सारखा तपकिरी रंग पुसल्यासारखा दिसत असेल, तर सावध व्हा.

मग निळा रंग. ही फुलं प्लमची, ऐन थंडीत उमलणारी, आणि मागची जमीन म्हणजे तडकलेला बर्फ. जुन्या कामात त्या निळ्यात गडद-फिक्या छटा असतात, कुंचल्याचे फटकारे एकमेकांवर चढलेले दिसतात आणि तड्याच्या रेघा त्यावरून हातानं ओढलेल्या कळतात. मला या बरण्यांमध्ये सगळ्यात आवडतो तो हा बर्फच. नंतरच्या मालात तो सपाट होतो, जांभळट झाक मारतो, फुलंही छापल्यासारखी एकसारखी येतात.

बुडाला इंग्रजीत ‘चायना’ असेल तर वाद मिटला: अमेरिकेच्या कायद्यामुळे 1891 पासून निर्यातीच्या मालावर देशाचं नाव घालू लागले. नसेल, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेली चिनी भांडी बघून या. आणि तोवर बुडाची कडा घासू नका. तिथला मळ आणि झीजही तपासणाऱ्याला लागते.