अंधारातली नळी ठेवलीत का?

पाण्यातलं प्रदूषक उन्हाने खरंच मोडतं का, हे स्थिर समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड, किरणोत्सर्ग न करणाऱ्या अणूंवरून) तपासायला कोणतं यंत्र आणि किती नमुने लागतील, असं तुम्ही विचारलंय. यंत्र म्हणजे जीसीला (मिश्रणातले पदार्थ वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफला) जोडलेलं आयसोटोप रेशो मास स्पेक्ट्रोमीटर; ते हलक्या-जड अणूंचं गुणोत्तर मोजतं. नमुन्यांचं नंतर. आधी सांगा, तुलनेसाठी झाकून अंधारात ठेवलेल्या नळ्या आहेत का?

पीएचडीत माझ्याकडे एक तणनाशक होतं, पाण्यात जेमतेम विरघळणारं. क्वार्ट्झच्या नळ्यांत भरून मी ते उन्हात ठेवायचे. पाच दिवसांत ६० टक्के नाहीसं झालं. गाईड म्हणाले, "उन्हाने मोडलं. दर काढ आणि लिही." पण शेजारी फॉइलमध्ये गुंडाळलेल्या दोन नळ्यांतूनही ३५ टक्के गेलं होतं! त्यांच्या मते फॉइल नीट लावली नव्हती. मी तिहेरी गुंडाळून सगळं पुन्हा केलं. आकडा तोच.

मग कार्बन-१३, म्हणजे जड कार्बन, मोजला. हलक्या कार्बनचा बंध सहसा किंचित लवकर तुटतो, त्यामुळे रेणू मोडत असतील तर उरलेल्यांत जड कार्बन वाढत जातो. नुसतं पाणी मिसळून पातळ झालं तर हे जड-हलक्याचं गुणोत्तर हलत नाही, कुठे चिकटून बसलं तरी जवळजवळ नाहीच. उन्हातल्या नळीत ते चढलेलं होतं, अंधारातल्या नळीत जिथल्या तिथे. शेवटी रबरी बुचाच्या पातळ चकत्या कापल्या आणि रात्रभर सॉल्व्हंटमध्ये बुडवून ठेवल्या. तणनाशक त्यात निघालं. बुचानेच ते शोषून घेतलं होतं.

तरीही प्रबंधात जुनाच दर गेला आणि अंधारातल्या नळ्या परिशिष्टात. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पाण्यातलं प्रमाण घटलं म्हणजे रेणू मोडला, हे म्हणणं साफ चूक आहे.

आता नमुने. समजा तुमच्या प्रदूषकाचा संवर्धन गुणांक (मोडताना हे गुणोत्तर किती जोरात सरकतं त्याचं माप) उणे २ दर हजारी आहे. निम्मं संपल्यावर बदल फक्त १.४ दर हजारी दिसेल, आणि यंत्राची चूकच ०.५ दर हजारीच्या आसपास असते. ९० टक्के संपू दिलंत तर तोच बदल ४.६ होतो. म्हणून सुरुवातीचे दहा नमुने घेण्यापेक्षा शेवटचे चार नीट घ्या, आणि त्यांत मोजण्याइतकं प्रदूषक उरावं म्हणून पाणी भरपूर घेऊन सुरुवात करा.

एक मात्र खरं, प्रकाशाच्या बाबतीत गुणोत्तर हललं नाही म्हणून काही मोडलंच नाही, असं म्हणता येत नाही. ॲट्राझिन हे तणनाशक यूव्हीने (अतिनील किरणांनी) थेट मोडतं तेव्हा कार्बन आणि नायट्रोजन दोन्हींची गुणोत्तरं नेहमीच्या उलट्या दिशेला सरकतात, म्हणजे उरलेल्यांत जड अणू कमी होतात. शिवाय त्यात ८ कार्बन. बंध एका ठिकाणी तुटला तरी खूण आठांत वाटली जाते. म्हणून शक्य असेल तर नायट्रोजनही मोजा.

बूच टेफ्लॉन लावलेलं घ्या. आणि अंधारातल्या नळ्यांचे आकडे गाळायला कुणी सांगितलं, तर ते मुख्य तक्त्यातच ठेवा.