वाचक विचारतात: व्हर्च्युअलबॉक्स अचानक का रुसला?

प्रश्न: उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली अपडेट केल्यापासून व्हर्च्युअलबॉक्स या आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली एकही मशीन सुरू होत नाही. ‘व्हीटी-एक्स दुसरा हायपरव्हायजर वापरतोय’ असा संदेश येतो. व्हीटी-एक्स, म्हणजे प्रोसेसरमधली आभासी मशीनसाठीची सोय, बायोसमध्ये चालू आहे आणि दुसरा हायपरव्हायजर, म्हणजे आभासी मशीन चालवणारा प्रोग्रॅम, मी टाकलेलाच नाही.

उत्तर: टाकावा लागत नाही, तो कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. त्याचं नाव केव्हीएम. पूर्वी त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) लोड झालं तरी एखादी केव्हीएम मशीन सुरू होईपर्यंत ते प्रोसेसरच्या व्हीटी-एक्सला हात लावत नसे. कर्नल ६.१२ पासून मॉड्यूल लोड होताक्षणीच ताबा घेतं. अपडेटमध्ये तुमचा कर्नल ६.१२ च्या पुढे गेला असणार; टर्मिनलमध्ये ‘युनेम -आर’ने खात्री करा.

आजचं काम निभवायला ‘सुडो मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल’ पुरतं. एएमडी प्रोसेसर असेल तर शेवटी ‘केव्हीएम_एएमडी’. मॉड्यूल वापरात असल्याचं उत्तर आलं, तर नोम बॉक्सेस किंवा अँड्रॉइड एम्युलेटर असा केव्हीएम वापरणारा प्रोग्रॅम उघडा आहे का पाहा आणि तो बंद करा. रीस्टार्टनंतर मात्र पहिले पाढे पंचावन्न.

कायमच्या इलाजासाठी ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ ही फाइल सुडोने उघडा. ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’च्या ओळीत, अवतरणचिन्हांच्या आतच, एक जागा सोडून ‘केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_अ‍ॅट_लोड=०’ लिहा. सगळी अक्षरं स्मॉल, केव्हीएमनंतर टिंब, पुढे तीन अंडरस्कोर आणि बरोबरच्या चिन्हाभोवती जागा नाही. मग ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवून रीस्टार्ट करा. बरेच जण मॉड्यूल थेट ब्लॅकलिस्ट करतात, म्हणजे ते लोडच होऊ देत नाहीत. तसं करू नका. केव्हीएमवर चालणारं बाकी सगळं त्याने बंद पडतं. एवढं करूनही केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स या दोघांच्या मशीन सहसा एकाच वेळी चालणार नाहीत.

प्रश्न: व्हर्ट-मॅनेजर या केव्हीएम मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये विंडोज ११ टाकताना डिस्कच दिसत नाही. ४० जीबी दिली आहे.

उत्तर: डिस्क ‘व्हर्टआयओ’ बसवर (मशीनला डिस्क जोडण्याच्या प्रकारावर) असणार, आणि विंडोजच्या आयएसओत, म्हणजे इन्स्टॉल करायच्या डिस्क-फाइलीत, तिचा ड्रायव्हर नसतो. ‘व्हर्टआयओ-विन’ची आयएसओ दुसरी सीडीरॉम म्हणून जोडा, ‘लोड ड्रायव्हर’ दाबा आणि ‘व्हीआयओस्टोर’मधल्या ‘डब्ल्यू११’ फोल्डरातला ‘एएमडी६४’ निवडा. इंटेलवरही हाच चालतो. बस बदलून ‘साटा’ केली तरी डिस्क दिसेल, पण वेग कमी मिळेल. ४० जीबी मात्र अपुरी आहे. विंडोज ११ किमान ६४ मागतं, तेवढी द्या. आभासी डिस्कची क्यूकाऊ२ फाइल डेटा भरेल तशीच खऱ्या डिस्कवर जागा घेते.